मंडळी कशाने जमते?

कीर्तनाला उभा राहिलेला हरदास समोरच्या समुदायाला ‘मंडळी’ अशी हाक घालतो. मराठी बायबल वाचणाऱ्या ख्रिस्ती बांधवांच्या घरीही हाच शब्द नांदतो आहे. ग्रीक भाषेतील ‘एक्लेसिया’, म्हणजे हाक देऊन बाहेर बोलावलेला समुदाय, या शब्दाला मराठी भाषांतरकारांनी ‘मंडळी’ हाच प्रतिशब्द योजिला. शब्दाचे हे नाते आम्हांला फार दिवसांपासून मोलाचे वाटत आले आहे. दत्तजयंती आणि नाताळ ही पर्वे पुष्कळ वर्षी थोड्याच दिवसांच्या अंतराने येतात, आणि या दिवसांत कीर्तनसेवेसाठी आमचे ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूस येणे होते. यंदा त्या शब्दाचा विचार अधिक करावा लागला, याचे कारण एका यजमानांनी विचारलेला प्रश्न.

गृहस्थ सुशिक्षित आणि सत्शील. त्यांच्या कन्येच्या महाविद्यालयातील आठ-दहा ख्रिस्ती विद्यार्थी आठवड्यातून एकदा जमतात, गीते म्हणतात, ग्रंथातील उतारा वाचतात, परीक्षा जवळ आलेल्यासाठी किंवा कोणाच्या आजारी आईसाठी प्रार्थना करतात. त्यांना बसावयास वर्ग द्यावा की नाही, यावर काही पालकांत कुजबुज सुरू झाली होती. ‘बुवा, हे वाढू द्यावे काय?’ असे त्यांनी आम्हांस विचारले. वर्ग द्यावा, असे आम्ही तेव्हाही सांगितले. त्याची कारणे मात्र सविस्तर मांडली पाहिजेत.

प्रथम ही मुले कोण, ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकाहूनही किंचित कमी आहे. ती सारी एकजिनसी असावी, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ठाणे, वसई, साष्टी या भागांतील मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवितात. १८८७ मध्ये त्यांच्या संस्थेने हे नाव धारण केले. केरळातून नोकरीसाठी आलेल्या सीरो-मलबार पंथीयांची उपासनापद्धती वेगळी, आणि त्यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांखेरीज गोव्याचे आहेत, तमिळ आहेत आणि अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, या बाजूचे मराठी प्रॉटेस्टंटही आहेत. ही मुले एका बाकावर बसली तरी एकमेकांची आरतीसुद्धा (हा आमचा शब्द!) त्यांना पाठ नसते. घरची भाषा निरनिराळी, म्हणून प्रार्थना इंग्रजीत चालते. मग नगरकडच्या एखाद्या मराठी मुलाला आपल्याच धर्मबंधूंच्या बैठकीत परक्यासारखे बसावे लागते. बाहेरच्यांना तो ‘त्यांच्यातला’ वाटतो आणि आतल्यांना तो पुरता आपला वाटत नाही. बैठकीतही एकटे पडणे म्हणजे काय, याचा विचार कुजबुजणाऱ्या पालकांनी केला आहे काय?

विद्यार्थ्यांनी असे जमणे ही काल-परवाची गोष्ट नव्हे. १५६३ मध्ये रोमच्या जेझुइट महाविद्यालयात झां ल्यूनिस या तरुण शिक्षकाने वर्ग सुटल्यावर काही विद्यार्थ्यांना प्रार्थनेसाठी थांबवून घेतले, आणि त्यातून जगभर पसरलेली एक विद्यार्थी-संघटना उभी राहिली. ऑक्सफर्ड येथे १७२९ पासून वेस्ली बंधूंच्या भोवती जमलेली मुले नेमाने उपवास करीत, ग्रीक भाषेतून शास्त्र वाचीत आणि तुरुंगातील कैद्यांना भेटावयास जात. इतर विद्यार्थ्यांनी चेष्टेने त्यांना ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, म्हटले, आणि तेच नाव पुढे एका मोठ्या पंथाला लागले. आपल्या देशात ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’ १९१२ मध्ये आणि कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय महासंघ १९२४ मध्ये निघाला. या साऱ्यांत आम्हांस मोठा वाटतो तो वेस्लींचा तुरुंग. जी मंडळी केवळ स्वतःसाठी जमते ती लवकर कंटाळते. चार जणांनी मिळून पाचव्याची काही सेवा केली, की त्या चौघांची गाठ आपोआप पक्की होते. आपल्या वारीतील दिंडीचेही रहस्य हेच नाही काय? पाण्याचा हंडा कोणी वाहायचा, आजाऱ्याजवळ कोणी थांबायचे, हे ठरते तेव्हा दिंडी होते. एरवी ती नुसती गर्दी.

परंतु ऑक्सफर्डचे विद्यार्थी महाविद्यालयातच राहत. आमच्या ठाणे-कल्याणची मुले राहतात लोकलमध्ये! शेवटचा तास संपला की कोणाला बदलापूर गाठावयाचे असते, कोणाला टिटवाळा. वेळ नसणे हे येथील मंडळीपुढील खरे संकट आहे, आणि त्याचा उपाय आपल्याच लोकांनी शोधून ठेवलेला आहे. मध्य रेल्वेच्या गाड्यांत वर्षानुवर्षे भजनी मंडळे चालत आली आहेत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, हाती टाळ. कल्याणास चढलेला कारकून आणि ठाण्यास चढलेला साहेब एकाच ठेक्यावर माना डोलावतात. त्यांची घटना नाही, वर्गणीचे पुस्तकही बहुधा नसते. मात्र एखादा गडी चार दिवस दिसला नाही, की पाचव्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारी जाऊन उभा राहतो. ख्रिस्ती मुलांनी यातून काही उचलावे, असे आम्हांस मनापासून वाटते. मोठाले मेळावे आणि पाहुण्यांची व्याख्याने यांनी मंडळी होत नाही. ठरलेला वार चुकवू नये, नवा आलेला मुलगा एकटा डबा खात नाही ना हे पाहावे, आणि गीत असे निवडावे की जे सर्वांच्या गळ्यात बसेल.

गीतांविषयी तर आम्ही थोडे अधिकारवाणीने बोलू शकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे बालपणीचे काही शिक्षण कल्याणातच झाले, हे कल्याणकरांपैकी किती जणांस ठाऊक आहे, कोण जाणे. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंगाची चाल आणि कीर्तनाचा बाज त्यांनी सोडला नाही. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या मराठी संग्रहातून आजही प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गायिली जातात. लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. १९१७ मध्ये साताऱ्यास टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही बंधुभावाने बसावेत, अशी योजना होती. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबाराला पुढे तसा बहर आला नाही. एकाच थोर पुरुषाभोवती जमलेल्या मंडळीला हा धोका नेहमीच असतो. आमच्या कित्येक मठांची कथा याहून निराळी नाही. त्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले होते. इतकी संपत्ती घरात असता केवळ इंग्रजी गीतांवर भागविणे हे आम्हांस खटकते. सर्वांची मातृभाषा मराठी नसेल, पण या गावांत वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या कानांवर ती पडलेलीच असते.

आता भयाचा प्रश्न. ‘आमच्या मुलांना ओढून नेतील,’ असे पालक म्हणतात. हे भय अगदीच निराधार म्हणून झटकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. धर्मांतराने दुभंगलेली घरे आपल्या समाजाने पाहिली आहेत. खुद्द टिळकांच्या घरात पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली होती. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांना हे सांगणे नको. कायद्याची स्थितीही स्पष्ट आहे: घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला, तथापि दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. तेव्हा मुलांनीही आपली बैठक उघड्या दाराने भरवावी. कोणी मित्र येऊन बसला तर बसू द्यावे, पण त्याला पकडून आणू नये. एवढे पथ्य पाळणाऱ्या मुलांना वर्ग नाकारणे हा शुद्ध अन्याय होय. आणि आपली कन्या दुसऱ्याच्या सत्संगात रमेल अशी ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी आपल्या घरच्या सत्संगाची स्थिती एकदा तपासावी. आमच्या कीर्तनास हल्ली विशीतील किती श्रोते येतात, ते आम्ही व्यासपीठावरून मोजू शकतो. बहुधा एका हाताची बोटे पुरतात.

त्या यजमानांच्या कन्येने निरोप आणला आहे की तिच्या मैत्रिणीच्या मंडळींना टिळकांची दोन पदे झांजेवर बसवावयाची आहेत आणि चाल सांगणारा कोणी मिळत नाही. पौष लागण्यापूर्वी आमचा मुक्काम याच बाजूस आहे. झांजांचे दोन जोड आम्ही बरोबर आणले आहेत. ठेका धरणारा मात्र त्यांचा त्यांनीच शोधावा.