अख्खा खाल्ला जाणारा जवळा

बांगडा साफ करताना त्याचं पोट आपण काढून टाकतो. जवळा मात्र अख्खा खातो. तिसऱ्या, कालवंही पोटासकट. म्हणून समुद्री जिवांच्या पोटात जाणाऱ्या ५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिककणांचा विषय निघाला, की आम्हाला आधी काळजी वाटते ती गरिबाघरच्या सुकटीची, म्हणजे सुकवलेल्या जवळ्याची. हे कण येतात पिशव्यांच्या चुऱ्यातून, पॉलिएस्टरचे कपडे धुताना सुटणाऱ्या तंतूंतून, समुद्रात फाटून राहिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांतून. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, पण नाले आजही खाडीलाच मिळतात. त्याचा राग कोळणीच्या पाटीवर काढणं सरळ अन्याय आहे. मासे सोडा, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. बाजारात येणाऱ्या जवळ्याची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निकाल प्रत्येक बंदरावर मराठीत लावावेत, ही आमची मागणी आहे.