मोबाइलचा डिस्प्ले इतका महाग का? ‘छापील’ ओलेडची गोष्ट

मलकापूरच्या बाजारपेठेत फुटलेला फोन घेऊन दुकानात गेलात, तर दुकानदार आधी एकच विचारतो, “साधा डिस्प्ले आहे की ॲमोलेड?” ॲमोलेड म्हटलं की आकडा असा येतो, की आपण तडा गेलेल्या काचेवरच आणखी सहा महिने काढतो.

ॲमोलेड हा ओलेडचाच प्रकार. एलसीडीत मागे दिवा असतो. इथे कार्बनी रेणूंचे अतिपातळ थर विजेवर स्वतःच उजळतात. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ते दाखवून दिलं. हे थर आजही बहुतेक कारखान्यांत निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून बसवतात. त्यातला बराच महागडा माल काचेऐवजी पेटीच्या भिंतींवर जातो.

मग तोच पदार्थ विरघळवून शाईसारखा छापला तर? १९९० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी द्रावणातून बनवलेला पॉलिमरचा थर उजळवला, तेव्हापासून हा प्रयत्न सुरू आहे.

घोडं अडतं ते दुसऱ्या थरावर. भिंतीला रंगाचा दुसरा हात देताना पहिलाच विरघळून ओघळला तर? इथे नेमकं तेच होतं. म्हणून रेणूच असे घडवावे लागतात, की तापवल्यावर ते एकमेकांत गुंफले जातील आणि वरच्या शाईला दाद देणार नाहीत. विरघळावेत म्हणून त्यांना शेपट्या जोडतात, पण शेपट्यांमधून वीज वाहत नाही. वर उजेडाचं गणित वेगळंच : वीज दिल्यावर तयार होणाऱ्या चार उत्तेजित अवस्थांपैकी साधारण एकच उजेड देते. बाकीच्या तीन कामी लावायला इरिडियमसारखा महाग धातू लागायचा. २०१२ मध्ये जपानच्या चिहाया अदाची यांच्या गटाने धातूशिवाय ते जमवलं. निळा रंग मात्र अजूनही लवकर थकतो.

धंदा म्हणूनही हे सोपं नाही. छपाईवर भिस्त ठेवलेली जपानची जेओलेड २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तरीही चीनच्या टीसीएल सीएसओटीने २०२५ मध्ये ग्वांगझूत छापील ओलेडचा मोठा कारखाना जाहीर केला.

आणि आपण? २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर-डिस्प्ले प्रकल्प गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्रात रान पेटलं. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन बाहेर पडली. त्या सगळ्या गदारोळात जमीन, सवलती, नोकऱ्या सगळं आलं. डिस्प्लेतलं रसायन कोण बनवणार, हे फारसं कुणी विचारलं नाही. माझ्या मते आपली संधी तिथेच होती. माटुंग्याची आयसीटी १९३३ पासून रसायन तंत्रज्ञान शिकवते, आणि ओलेडमधला उजळणारा पदार्थ हा शेवटी एक रंगद्रव्यच आहे.