गोगलगायीचे अभ्यंगस्नान

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण माणसांना लावतो. फिलिपाइन्समधल्या भातशेतकऱ्याला मात्र ती शब्दशः पटेल. दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय १९८०च्या दशकाच्या आरंभी तिथे मोठ्या कौतुकाने आणली, ती खाण्यासाठी. लोकांना काही ती रुचली नाही. तिला मात्र लोकांचा भात फार रुचला! रातोरात कोवळी रोपे फस्त, आणि वर काडीकाडीवर गुलाबी अंड्यांचे घोस.

तिच्यावरचा एक वनस्पतीज उपाय म्हणजे चहाच्या कुळातल्या झाडांच्या बियांचे तेल काढून उरलेली पेंड. तीत सॅपोनिन असते. नाव परके, पण वस्तू घरचीच. नरकचतुर्दशीला आपल्या शिकेकाईला फेस येतो तो त्याचाच. पेंड पाण्यात पडली की गोगलगायी मरतात. ‘झाडपाल्याचे औषध’ म्हटले की आम्ही शहरवासी लगेच माना डोलावतो. पण हेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवरही घाला घालते, आणि खाचरातला मासा म्हणजे तिकडच्या कित्येक घरचे कालवण!

म्हणून जाणता शेतकरी शेतभर पेंड फेकीत नाही. तो पाणी उतरवतो, कडेने लहान चर काढतो. ओलाव्याच्या शोधात गोगलगायी चरात गोळा होतात. तिथे त्या हाताने वेचायच्या, नाहीतर तेवढ्यापुरतीच पेंड टाकायची. लावणीनंतर महिनाभर रोप सांभाळले की ते निबर होते, तिला सहसा दाद देत नाही. मग खुशाल बदके सोडावीत. उरलेल्यांचा समाचार ती घेतात.