घरचें दप्तर

आमच्या लहानपणीं जालन्यांतील बहुतेक घरांत पत्र्याची एक पेटी असे. तींत सातबाऱ्याचे उतारे, जन्ममृत्यूचे दाखले, बाप्तिस्म्याचें व लग्नाचें प्रमाणपत्र आणि काळ्यापांढऱ्या छायाचित्रांचें एक जाड पुस्तक, असा सारा घराण्याचा इतिहास जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेविलेला असे. आणि पेटीची किल्ली आईच्या कमरेला. आज ती पेटी रिकामी होत चालली आहे व तिच्यांतील ऐवज घरांतल्या चारपांच मोबाइलांत विखुरला आहे. 'मेमरी फुल' असा इशारा येतांच एका खेळासाठीं आजीचीं छायाचित्रें पुसून टाकणारे वीर आमच्याच वर्गांत आहेत. त्यांचीं नांवें आम्ही येथें देत नाहीं.

या विस्कळीतपणावर एक चांगला उपाय आतां सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत आला आहे. तो म्हणजे घरांतच एक लहानसा साठवण-सर्व्हर उभा करणें. जाणकार लोक त्यास 'नॅस' म्हणतात. त्याला नवें यंत्रच लागतें असें नाहीं. अडगळींत पडलेला एखादा जुना संगणक, त्यांत दोन नव्या हार्ड डिस्क, राउटरशीं जोडणारी एक तार आणि ओपनमीडियाव्हॉल्टसारखी मोफत मिळणारी प्रणाली, एवढ्यावर काम भागतें. मग घरांतील प्रत्येकाचीं छायाचित्रें व कागदपत्रें रात्रीं आपोआप त्या एका ठिकाणीं येऊन पडतात. पंचवीस वॅटचें लहान यंत्र अहोरात्र चालविलें तरी महिन्यास अठरा युनिट वीज लागते; जुना संगणक मात्र याच्या दुप्पट किंवा अधिकही खाईल, हें आधींच मोजून पाहावें. आपल्याकडील उन्हाळा आणि धूळ लक्षांत घेतां तें माळ्यावर किंवा पत्र्याखालीं न ठेवितां खालच्या हवेशीर खोलींत ठेवावें, आणि वीज अवचित जाते म्हणून त्यास यूपीएस जोडावा. ज्या मुलांस वायरींशीं खेळण्याची हौस आहे त्यांनीं दोन रविवार खर्च केले तर हें सर्व उभें राहतें. त्यांत त्यांचें शिक्षणही होतें, हें आम्ही पालकांच्या कानावर मुद्दाम घालतों.

पण आम्हांस जें सांगावयाचें आहे तें याच्या पुढचें आहे. यंत्र उभें राहिलें कीं त्यास 'सुधारण्याचा' नाद लागतो. मोठी डिस्क, वेगवान डिस्क, दोनाच्या जागीं चार डिस्क, अशी पैशाची वाट मोकळी होते आणि घरचें दप्तर सुरक्षित झालें असा समज होतो. हा समज खोटा आहे. तो आम्हीं स्वतः बाळगला होता व त्याची किंमतही आम्हींच दिली.

आमच्या यंत्रांत दोन डिस्क एकमेकींच्या आरशाप्रमाणें जोडल्या होत्या. एकीवर लिहिलेलें तत्क्षणीं दुसरीवर उमटे. या युक्तीस 'रेड' म्हणतात. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं तिच्यावर निबंध लिहून तिला हें नांव दिलें. एक डिस्क जळाली तरी दुसरी काम चालू ठेवते, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. एका सुटींत दुबार झालेल्या फाइली काढून टाकण्याची सफाई आम्हीं आरंभिली आणि तिच्या भरांत एक नको तें दालन पुसून टाकलें. आरशानें आपलें काम चोख केलें. आमची चूकही त्याच क्षणीं दुसरीवर उमटली. त्या दालनांत आमच्या वडिलांच्या अखेरच्या नाताळच्या उपासनेचें ध्वनिमुद्रण होतें. रेव्हरंड टिळकांचें एक भजन त्यांनीं खुर्चीवर बसूनच, थांबत थांबत, शेवटपर्यंत म्हटलें होतें. पुढच्या पावसाळ्यांत ते गेले. डिस्क दोन होत्या, परंतु प्रत एकच होती, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें.

आमच्या मिशनच्या इतिहासांतच याचें उदाहरण पडलेलें आहे. ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूर येथील मिशन छापखान्यास आग लागली. विल्यम केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. कागद, अनेक लिप्यांचे खिळे आणि हस्तलिखितें भस्मसात झालीं. त्यांत संस्कृताशीं नातें असलेल्या भाषांचा केरींनीं वर्षानुवर्षें खपून जमविलेला कोशही होता, आणि तो पुन्हां कधींच पुरा झाला नाहीं. उलट त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं व मराठी कोश १८१० सालीं छापून झाला होता. त्यांच्या प्रती ठिकठिकाणीं गेलेल्या असल्यामुळें त्यांस त्या आगीची झळ लागली नाहीं. खिळे पाडण्याचे पोलादी ठसे राखेखालीं शाबूत सांपडले, म्हणून वितळलेल्या धातूचेच नवे खिळे ओतून थोड्याच अवधींत छपाई सुरू करतां आली. श्रीरामपुरांत जागा किंवा मेहनत कमी पडली नव्हती. त्या कोशाचें हस्तलिखित दुसऱ्या गांवीं नव्हतें, एवढेंच.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, ज्याच्याजवळ खर्चावयास थोडेच पैसे आहेत त्यानें घरच्या यंत्रांतली डिस्क मोठी करण्याऐवजीं एक साधी डिस्क विकत घेऊन ती मावशीच्या घरीं ठेवावी. तीन प्रती, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग नांवाच्या अमेरिकन छायाचित्रकारानें प्रचारांत आणिला, आणि त्याहून सोपा नियम आमच्या पाहण्यांत नाहीं. बाहेर जाणारी डिस्क कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक करून ठेवावी. यंत्रावर स्नॅपशॉटची सोय असल्यास ती चालू करावी. आदल्या दिवसाची स्थिति जशीच्या तशी परत मिळते, व आमच्यासारख्या उत्साही सफाईकामगारांपासून घराचें रक्षण होतें.

प्रत काढली म्हणजे झालें, असेंही नाहीं. जालना हें बियाण्यांचें शहर. येथें १९६४ सालीं महिको स्थापणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांस १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परंतु कोठल्याही पुरस्कारावांचून आपला शेतकरी पेरणीपूर्वीं घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळतो आणि आठवड्यानें कोंब मोजतो. सत्तर उगवले तर ठीक. कमी उगवले तर बियाणें वाढवितो किंवा बदलतो. पोतें भरलेलें दिसतें एवढ्यावर तो विसंबत नाहीं. डिस्कचेंही तसेंच आहे. महिन्यांतून एकदां दहा फाइली दुसऱ्या प्रतींतून परत काढून, उघडून, डोळ्यांनीं पाहाव्या. हें काम मुलांकडे द्यावें, आणि न उघडलेल्या फाइलीची नोंद वहींत करावयास लावावी.

कांहीं पालक विचारतील कीं, मोठमोठ्या कंपन्या आपलीं कोठारें उघडून बसल्या असतां ही खटपट कशाला? त्यांच्याकडे एक प्रत ठेवण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु कोठार त्यांचें, तेव्हां नियमही त्यांचेच. १ जून २०२१ पासून गूगलनें छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद केली, हें आपल्यापैकीं अनेकांस पुढें जागा भरल्यावरच कळलें. याउलट घरचें यंत्र कोठूनही उघडतां यावें या हौसेनें तें सरळ इंटरनेटवर उघडें टाकणें, हेंही धोक्याचें. २०२२ च्या जानेवारींत 'डेडबोल्ट' नांवाच्या खंडणीखोर प्रणालीनें अशाच उघड्या राहिलेल्या हजारों साठवण-पेट्यांस कुलुपें ठोकून पैसे मागितले. घरचें दप्तर घरांत वाचावें. प्रवासांत नाहीं वाचलें तर कांहीं बिघडत नाहीं.

आणखी एक गोष्ट, आणि ती वडीलधाऱ्यांसाठीं. यंत्राचा परवलीचा शब्द एका कागदावर लिहून, पाकिटांत घालून, तें पाकीट घरांतील दुसऱ्या जाणत्या माणसास दाखवून ठेवा. पूर्वीं किल्ली कोठें असते हें सर्व घरास ठाऊक असे. आतां ती एकाच्या डोक्यांत असते, आणि तें डोकें गेलें कीं सगळें दप्तर बंद.

त्या ध्वनिमुद्रणाचें पुढें काय झालें, असें आम्हांस विद्यार्थी विचारतात. संपूर्ण मुद्रण गेलें तें गेलेंच. पण अंबडच्या आमच्या भगिनीच्या जुन्या मोबाइलांत, त्याच उपासनेंत तिनें स्वतः टिपलेलें पहिलें एक कडवें निघालें. मध्यें कोणाचें तरी मूल रडतें आहे, आणि दुसऱ्या ओळीनंतर वडील श्वासासाठीं थांबतात. तें कडवें आतां आमच्या घरीं आहे, अंबडास एका डिस्कवर आहे, आणि तिसरी प्रत धाकट्या बंधूकडे पुण्यास आहे. गेल्या शनिवारीं आमच्या मुलीनें तिन्ही लावून पाहिल्या, तिन्ही वाजतात.