सदावर्त नको, परवाना द्या!



घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो. आपणच काय, निपाणी-बेळगावपासून खाली कोकणापर्यंतची माणसं तिथं येतात. दुकानात मांडी घालून बसायचं, साड्यांचे ढीग उलगडायला लावायचे, भावासाठी घासाघीस करायची आणि गाठोडी गाडीत टाकून परतायचं. ही पेठ ज्या जमिनीवर उभी आहे, तिथं आधी काय होतं हे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

तिथं वळिवड्याचा कॅम्प होता. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित त्या बराकींत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. घरातून उचलून सैबेरियात नेलेली, तिथून इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ त्यांचाच आहे. ते गेले आणि त्याच जागी फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. बराकींचं गाव झालं आणि गावाची पेठ झाली. एकाच जागेनं दोन वेळा परागंदा माणसांना आसरा दिला, असं गाव महाराष्ट्रात दुसरं आम्हांला माहीत नाही. म्हणून हे पत्रक आम्ही इथूनच काढत आहोत.

आमचं म्हणणं एकच आहे. निर्वासिताला शिधा देऊन तो उभा राहत नाही. त्याला स्वतःच्या नावावर धंदा करू द्या. स्वतःच्या नावाचं खातं, स्वतःच्या नावाचा परवाना, स्वतःच्या नावाचा गाळा. एवढं मिळालं की पुढचं तो बघतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जवळपास लाखभर सिंधी माणसं आणून ठेवली होती. ४९ साली तिचं उल्हासनगर झालं. तिथल्या बायकांनी पापड-लोणची घातली, बाप्ये आणि पोरं लोकलच्या डब्यांतून गोळ्या, फण्या विकत फिरली. पण ही गोष्ट नुसत्या चिकाटीची म्हणून सांगणं खोटं आहे. त्या चिकाटीला सरकारनं हात दिला होता. विस्थापितांना धंद्यासाठी आणि कारखान्यासाठी कर्ज देता यावं म्हणून १९४८ साली खास कायदा करून पुनर्वसन वित्त प्रशासन उभारलं. देश नुकता स्वतंत्र झालेला, धान्य रेशनवर, तिजोरीत खडखडाट, तरीही हे केलं. 'आम्हांला शरणार्थी म्हणू नका, पुरुषार्थी म्हणा' असं ती माणसं सांगत, आणि ते त्यांनी करून दाखवलं, कारण करून दाखवायला वाट मोकळी होती.

कुणी म्हणेल, ते आपलेच होते, त्यांना नागरिकत्व मिळालं. खरं आहे. मग तिबेटी माणसाकडे बघा.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. पन्नास वर्षं उलटली, तिथं जन्मलेल्यांना नातवंडं झाली. थंडी पडू लागली की देशभरातल्या अशा वसाहतींतून माणसं शहराशहरांत स्वेटरची पालं टाकतात. तुमच्या-माझ्या घरातली कानटोपी बहुधा त्यांच्याकडचीच आहे. हा माल ते बहुतांशी लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचलतात आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करतात. लुधियानाचा व्यापारी काही दानधर्म करत नाही. वर्षानुवर्षं पैसे परत आले, म्हणून तो माल देतो. मग त्याच माणसाला कर्ज द्यायला बँकेचा हात का आखडतो? त्याची पत बाजारानं तपासली आहे. फक्त ती मांडायला लागणारा कागद त्याच्याकडं नाही.

कागदाचं दुखणं इतरांच्या बाबतीत याहून वाईट आहे. भारतात २ लाखांहून अधिक निर्वासित आहेत आणि त्यांच्यासाठी आपल्याकडं वेगळा कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही. त्या करारातलं अठरावं कलम निर्वासिताच्या स्वयंरोजगाराविषयीच आहे. दिल्लीत लाजपतनगर, भोगलकडे अफगाण माणसांचे नानचे तंदूर आहेत, खानावळी आहेत. चव घ्यायला लोक लांबून येतात. पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं ओळखपत्र दाखवून धंद्याची उद्यम नोंदणी होत नाही, तिला आधार लागतं. बँकेत जावं तर पत्त्याच्या पुराव्यासाठी परदेशी माणसाकडून त्याच्या देशाच्या वकिलातीचं पत्र चालतं! ज्या राजवटीपासून जीव घेऊन पळाला, तिच्याच दारात जाऊन त्यानं पत्र मागायचं? मग तो दुसऱ्याच्या नावावर धंदा करतो. भट्टीसमोर हा, परवाना दुसऱ्याचा, आणि तो दुसरा म्हणेल तो वाटा मुकाट्यानं द्यायचा. उद्या त्यानं 'चालता हो' म्हटलं तर तक्रार कुठं करायची?

आणि हे सगळं सोडवायचं कसं, हे सरकारला ठाऊक नाही असं समजू नका. सरकारनं ते दोनदा लिहून काढलं आहे. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात म्हटलं आहे की, तिबेटी निर्वासितांना व्यवसाय करता यावा म्हणून राज्यांनी परवाने द्यावेत. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या अल्पसंख्याकांना, म्हणजे ज्यांच्याकडं दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे त्यांना, बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वयंरोजगाराची मुभा आणि धंद्यासाठी जागा घेण्याची मुभा दिली. ही यादी ज्यानं केली त्याला निर्वासिताचं दुखणं नेमकं कळलं होतं. एक कलम कमी नाही, एक जास्त नाही. आम्ही या यादीचं मनापासून स्वागत करतो आणि विचारतो: म्यानमारहून पळून आलेल्या चिन समाजातल्या विणकर बाईला पोट नाही का? श्रीलंकेहून आलेला तमिळ रंगारी १९८३ पासून छावणीत बसला आहे, त्यानं आणखी किती वाट पाहायची? काबूलच्या नानवाल्यानं काय गुन्हा केला?

'आपल्याच पोरांना काम नाही' हे वाक्य आम्हांला रोज ऐकावं लागतं. ते बोलणाऱ्यावर आमचा राग नाही. नव्या दुकानानं जुन्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं, हे खोटं कसं म्हणावं? गांधीनगर वाढलं तेव्हा इतर पेठांना त्याची झळ लागलीच असणार. पण त्याच गांधीनगरात आज हमाल, टेम्पोवाले, शिंपी, कापड मोजणारी पोरं कुठली आहेत ते जाऊन बघा. आसपासच्या गावांतली, आपलीच आहेत. नोकरी मागणारा एक जागा अडवतो. दुकान टाकणाऱ्याला मात्र माणसं लागतात.

'सुरक्षेचं काय?' असंही विचारतात. विचारायलाच हवं. पण ज्याचं खातं आहे, ज्याच्या परवान्यावर फोटो आणि पत्ता आहे, त्याची नोंद सरकारदरबारी असते. ज्याला हे काहीच मिळत नाही तो कंत्राटदाराच्या आणि हप्ता घेणाऱ्याच्या ताब्यात जातो. यातलं सुरक्षित कोणतं?

असा हक्क देणारे देशही आहेत. युगांडा आपल्याहून कितीतरी गरीब देश. तिथं १५ लाखांहून अधिक निर्वासित आहेत आणि २००६ च्या कायद्यानं त्यांना काम करण्याचा, धंदा करण्याचा हक्क आहे. याच युगांडातून १९७२ साली इदी अमीननं भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत हाकललं होतं. तेव्हा इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडं येऊ नका' असं त्यांना कळवलं. तरी माणसं लेस्टरला गेली, त्यांनी दुकानं काढली, आणि आज त्या शहराचा बेलग्रेव्ह रोड त्यांच्या सराफी पेढ्यांनी आणि मिठाईच्या दुकानांनी ओळखला जातो. ती आपली माणसं होती, म्हणून ती जाहिरात वाचून आपल्याला आजही चीड येते.

आता मागणं. केंद्र सरकारनं २०१६ ची यादी, छाननी करून निर्वासित म्हणून मान्य केलेल्या प्रत्येकाला लागू करावी, मग तो कोणत्याही देशाचा आणि धर्माचा असो. महाराष्ट्र सरकारनं २०१४ चं तिबेटी धोरण तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचवावं, कारण टेबलामागचा कारकून 'असा काही आदेश नाही' म्हणाला की धोरण तिथंच संपतं. महापालिकांनी स्वेटरवाल्यांच्या जागा दिवाळीआधी ठरवून द्याव्यात. माल येऊन पडल्यावर जागेसाठी हेलपाटे घालायला लावू नयेत. बँकांनी वकिलातीच्या पत्राला पर्याय द्यावा.

आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनी? तुमचा गाळा रिकामा असेल आणि भाड्यानं मागणारा परका दिसला, तर नाव ऐकून दार लावू नका. त्याचे कागद पाहा, भाडं ठरवा, रीतसर करार करा, पोलिसांत नोंदवा. तुम्ही बँकेत, पालिकेत, तहसीलात नोकरीला असाल तर हे पत्रक साहेबांच्या टेबलावर ठेवा. व्यापारी असोसिएशनच्या पुढच्या सभेत हा विषय काढा. आम्हांला बोलवा, आम्ही येऊ.

— कोल्हापूर परिसरातले काही व्यापारी, शिक्षक आणि नागरिक