आजीची भाषा, नातवाचे पुस्तक

शहाद्यालगतच्या लोणखेड्यात सातपुड्याकडून आलेल्या कुटुंबांची मुले सफाईने मराठी वाचू लागतात, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु त्यांच्या घरची पावरी, देहवाली वा मावची छापलेली त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडते. आणि जी छापलेली नाही ती हलकी, हा समज मुलांच्या मनात रुजण्यास कोणाच्या उपदेशाची गरज लागत नाही. पुढे शिकलेले आईबाप लेकरांशी केवळ मराठीत बोलू लागतात आणि आजीचे बोलणे नातवाला परके होते. याचा दोष त्या आईबापांवर ढकलणे आम्हांस मान्य नाही. त्यांच्या बोलीला बाजारपेठेत हसत आलो ते आम्हीच!

राज्यघटनेत १९५६ साली आलेले ३५०-क कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, यासाठी झटण्याचे कर्तव्य राज्याबरोबरच स्थानिक संस्थांवरही टाकते. त्याचा जाब अवश्य विचारावा. पण तोवर घर का थांबावे? शाळेत जाणाऱ्या मुलीने याहामोगी मातेची कथा आजीच्या तोंडून ऐकावी, तिच्याच शब्दांत देवनागरीत उतरवावी आणि रात्री धाकट्या भावाला वाचून दाखवावी. एखादा शब्द चुकला, तर अक्षरही न ओळखणारी आजी तो तत्काळ दुरुस्त करील. असा परीक्षक कोणत्या पाठ्यपुस्तक मंडळाला लाभला आहे? या वह्या छापण्याचा खर्च लोणखेडा-शहाद्याच्या व्यापाऱ्यांनी उचलावा. मंडपांच्या रोषणाईपुढे तो किरकोळच ठरेल. आमच्याकडे येणारी अशी प्रत्येक कथा, तिची भाषा न बदलता, आम्ही या पत्रात छापू.