पेटी आपली, किल्ली कोणाची?

दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची वीतभर पेटी घेण्यासाठी बाजारात गेलेल्या ग्राहकाला पुष्कळदा एक प्रश्न ऐकावा लागतो : "साधी देऊ, की सगळं भरून देऊ?" साधी पेटी म्हणजे कंपनीने पाठविली तशी. 'भरलेली' पेटी म्हणजे जिच्यात दुकानदाराने बाहेरचे सॉफ्टवेअर आधीच बसविले आहे ती. थोडे पैसे अधिक मोजले की देशोदेशींचे चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने आणि शेकडो वाहिन्या वर्गणीवाचून घरबसल्या दिसतील, असे आश्वासन तिच्याबरोबर मिळते. महिन्याच्या पगारात दूध, भाडे आणि मुलांची फी यांचा मेळ घालणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला हे आश्वासन गोड वाटले, तर त्याला लगेच चोर ठरविण्याचे कारण नाही.

परंतु दुकानदाराच्या त्या साध्या प्रश्नात तीन मोठे प्रश्न दडलेले आहेत. स्वकष्टाच्या पैशाने घेतलेल्या यंत्रात काय बसवावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? तो अधिकार आपण न वापरता दुकानदाराच्या स्वाधीन केला, तर काय होते? आणि त्या दुकानदाराच्या उद्योगाकडे बोट दाखवून कंपन्यांनी तो अधिकारच काढून घेतला, तर पुढे काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय 'मालकाचा' असेच आहे. परंतु दुसऱ्या प्रश्नाकडे डोळेझाक केल्यास हे उत्तर फार काळ टिकणार नाही.

प्रथम ही वस्तू समजून घेतली पाहिजे. ही पेटी म्हणजे एक लहानसा संगणकच असतो. कंपनी तिच्याबरोबर आपले एक दुकान देते आणि त्या दुकानात मान्यता मिळालेले सॉफ्टवेअर ग्राहकाने बसवावे, अशी तिची अपेक्षा असते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या पेट्यांत याखेरीज आणखी एक वाट असते. अनोळखी ठिकाणाहून आणलेले सॉफ्टवेअर बसवू द्यावे काय, असा एक खटका आतील मांडणीत असतो. तो मुळात बंद असतो; मालकाने तो उघडला की कंपनीच्या दुकानाबाहेरचे सॉफ्टवेअरही बसविता येते. आपल्या चर्चेचा सारा विषय या एका खटक्याभोवती फिरतो.

बाहेरचे सॉफ्टवेअर म्हणजे चोरीचा माल, असा समज कंपन्यांच्या जाहिरातींनी रूढ केला असला तरी इतिहास निराळे सांगतो. घरगुती पेट्यांवर आज जगभर वापरले जाणारे 'कोडी' हे सॉफ्टवेअर २००२ साली जन्मले, ते मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स' या खेळाच्या यंत्रावर. त्या यंत्रात कंपनीची मोहोर नसलेला प्रोग्राम चालत नसे. काही हौशी प्रोग्रामरांनी यंत्रात फेरफार करून त्यावर चित्रफिती आणि गाणी वाजविणारे सॉफ्टवेअर बसविले. 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' असे पुढे त्याचे नाव झाले आणि २०१४ साली त्याला 'कोडी' हे नाव मिळाले. नफा न कमावणारी एक संस्था ते सांभाळते. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. 'व्हीएलसी' या सुपरिचित सॉफ्टवेअरचा उगम तर १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. २०१८ साली 'एम्बी' या सॉफ्टवेअरची संहिता बंद झाली, तेव्हा स्वयंसेवकांनी आधीच्या खुल्या संहितेवरून 'जेलीफिन' उभे केले. घरच्या संगणकावर साठविलेली लग्नाची चित्रफीत, आजोबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण किंवा वर्गात दाखवावयाचे माहितीपट दिवाणखान्यातील पडद्यावर आणण्यासाठी ही साधने विनामूल्य आणि उत्तम आहेत. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले जुने यंत्रही अशा सॉफ्टवेअरमुळे कधी कधी पुन्हा कामाला लागते. हा वारसा गमावणे कोणाच्याच हिताचे नाही.

मग घोटाळा कोठे आहे? कोडी स्वतः कोणताही चित्रपट पुरवीत नाही. त्याला जोड-प्रोग्राम लावता येतात, आणि हे जोड-प्रोग्राम कोण लिहितो यावर सारे अवलंबून असते. कोडीच्या अधिकृत भांडारात चोरीच्या मालाकडे नेणाऱ्या जोड-प्रोग्रामांना थारा नाही. भरलेल्या पेट्या विकणारे मात्र बाहेरच्या भांडारांतून नेमके तेच आणून बसवितात आणि वर 'कोडीची पेटी' म्हणून विकतात. यामुळे आपले नाव बदनाम होत आहे, अशी उघड तक्रार कोडीच्या चालकांनी २०१६ सालीच केली होती.

साधन आणि त्याचा व्यापार यांतील हा भेद न्यायालयांनीही ओळखला आहे. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सोनी कंपनीच्या 'बीटामॅक्स' व्हिडिओ रेकॉर्डरचा खटला आला. चित्रपट कंपन्यांचे म्हणणे असे की, हे यंत्र विकणे म्हणजेच नकलेला साहाय्य करणे. पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने ते फेटाळले. ज्या यंत्राचे भरीव वैध उपयोग आहेत, ते विकणारा केवळ विक्रीमुळे दोषी ठरत नाही, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आपल्याकडेही व्हिडिओ घराघरांत आला तो याच दशकात. भाड्याने आणलेल्या यंत्रावर एका रात्रीत तीन चित्रपट पाहणारी चाळ ज्यांना आठवत असेल, त्यांना हा वाद परका वाटणार नाही.

त्याच न्यायालयाने २००५ साली 'ग्रॉकस्टर' खटल्यात मात्र एकमताने सांगितले की, उल्लंघनाला उत्तेजन देण्याच्या हेतूने जो साधन वाटतो, त्याला साधनाच्या निरुपद्रवीपणामागे लपता येणार नाही. भरलेल्या पेटीचा प्रश्न थेट सोडविला तो युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने. नेदरलँड्समधील एक विक्रेता 'फिल्मस्पेलर' नावाच्या पेट्या, चोरीच्या चित्रपटांकडे नेणारे जोड-प्रोग्राम बसवून, विकत असे. २६ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, अशी पेटी जाणूनबुजून विकणे म्हणजे ती कलाकृती कर्त्याच्या संमतीवाचून जनतेपर्यंत पोहोचविणेच होय. शिवाय, अशा पेटीवर चित्रपट पाहताना यंत्रात जी तात्पुरती प्रत तयार होते, तिलाही कायद्यातील सवलत मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'आम्ही तर फक्त पाहतो' हा बचाव निदान युरोपात तरी लंगडा पडला.

महाराष्ट्राने या बाबतीत कडक भाषा आधीच वापरली आहे. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी केलेल्या १९८१ च्या कायद्यात २००९ साली 'व्हिडिओ पायरेट्स' हा वर्ग घालण्यात आला. २०२३ साली केंद्राने चलच्चित्र कायद्यात दुरुस्ती करून चित्रपटाचे चोरटे ध्वनिचित्रमुद्रण आणि प्रदर्शन यांसाठी तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कायदा पुरेसा तिखट आहे. तो टोळ्यांवर चालावा. कोणी आपल्या पेटीत खुले सॉफ्टवेअर बसवितो, एवढ्यावरून त्याच्यावर चालू नये, याची दक्षता घेणे आवश्यक आहे.

यावर प्रामाणिक वाचक विचारील की, एक मालिका एका वर्गणीत, दुसरी दुसऱ्या वर्गणीत आणि सामने तिसऱ्याच वर्गणीत, अशी विभागणी कंपन्यांनी केल्यावर सामान्य माणसाने जावे कोठे? परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तर हवा असलेला मराठी चित्रपट रीतसर पैसे देऊनही अनेकदा मिळत नाही. ही तक्रार खरी आहे आणि चित्रपट व्यवसायाने तिच्याकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. माल रास्त भावात आणि वेळेवर मिळाला, तर चोरबाजाराची गिऱ्हाइके आपोआप घटतात. परंतु भरलेल्या पेटीसाठी मोजलेल्या पैशातील एक छदामही लेखकाला, कॅमेरामनला वा नटाला मिळत नाही. मोठ्या स्टुडिओला त्याची झळ फारशी जाणवणार नाही. चार मित्रांचे पैसे आणि एक कर्ज यांवर चित्रपट काढणाऱ्या मराठी निर्मात्याला ती पुढच्या चित्रपटापर्यंत पोहोचू देत नाही.

आणि ही पेटी स्वस्त तरी असते काय? कोडीचे जोड-प्रोग्राम पायथन भाषेत लिहिलेले असतात आणि मूळ प्रोग्रामला जे अधिकार असतात तेच त्यांनाही मिळतात. म्हणजे अनोळखी जोड-प्रोग्राम बसविणे हे अनोळखी इसमाला स्वयंपाकघरापर्यंत मोकळीक देण्यासारखे आहे. २०१८ साली 'ईसेट' या संगणक-सुरक्षा कंपनीने उघड केले की, अशा काही बाहेरच्या भांडारांतून विंडोज व लिनक्स संगणकांवर आभासी चलन निर्माण करणारे छुपे सॉफ्टवेअर पसरविले गेले होते. वीज आपली, यंत्र आपले, कमाई तिसऱ्याची! २०२३ च्या आरंभी 'टी-९५' या स्वस्त पेटीत घातक सॉफ्टवेअर आधीपासूनच बसविलेले आढळले. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या संगणक-सुरक्षा खात्याने 'बॅडबॉक्स' नावाच्या अशाच सॉफ्टवेअरने ग्रासलेल्या सुमारे ३०,००० यंत्रांचा त्यांच्या चालकांशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना सावध केले की, काही यंत्रे विक्रीपूर्वीच बाधित असतात आणि काही, सुरुवातीची मांडणी करताना अनधिकृत दुकानांतून सॉफ्टवेअर उतरविले की बाधित होतात. 'फुकट चित्रपट' अशी जाहिरात हीच धोक्याची एक खूण समजावी. पुढच्याच महिन्यात गूगलने या टोळीविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा बाधित यंत्रांचा आकडा एक कोटीवर असल्याचे म्हटले होते. अशी पेटी आपल्या घरच्या जोडणीवरून परक्यांची गुन्हेगारी वाहतूक करू शकते. उद्या तपास सुरू झाला, तर पत्ता आपल्याच घराचा सापडेल.

येथून तिसरा प्रश्न सुरू होतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने 'व्हेगा' या नव्या प्रणालीवर चालणारी फायर टीव्ही स्टिक जाहीर केली. तीत कंपनीच्या दुकानाबाहेरचे सॉफ्टवेअर सामान्य ग्राहकाला बसविता येत नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये गूगलने घोषित केले होते की, प्रमाणित अँड्रॉइड यंत्रांवर बसणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कर्त्याला आपली ओळख कंपनीकडे नोंदवावी लागेल आणि २०२६ च्या सप्टेंबरपासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे त्याचा आरंभ होईल. बरीच टीका झाल्यावर, जाणकार वापरकर्त्यांसाठी इशाऱ्यांसह वेगळी वाट ठेवू, असे नोव्हेंबरमध्ये सांगण्यात आले. सुरक्षितता हे कारण खोटे नाही. परंतु कुलूप एकदा लागले की, ते चोरासाठी लावले होते हे विसरले जाते आणि मालकही बाहेर राहतो. कोणते सॉफ्टवेअर स्पर्धक म्हणून गैरसोयीचे आणि कोणते खरोखर घातक, याचा निवाडा अखेर विकणारी कंपनीच करणार. भरलेल्या पेट्यांचे विक्रेते स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगतात. प्रत्यक्षात कुलपाला लागणारे सबळ कारण तेच पुरवीत आहेत.

तेव्हा मालकाने मालकासारखे वागावे, हाच यावरील उपाय. भरलेली पेटी घेऊ नये. साधी, प्रमाणित पेटी घ्यावी. बाहेरचे सॉफ्टवेअर बसवावयाचे असेल, तर ते मूळ कर्त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे आणि शक्यतो ज्याची संहिता खुली आहे असेच निवडावे. खटका त्या कामापुरता उघडावा आणि काम होताच बंद करावा. संरक्षण बंद करा, असे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला तेथेच नकार द्यावा. आधीच आणलेल्या पेटीबद्दल शंका असेल, तर ती घरच्या जोडणीवरून काढावी. बिघाड कारखान्यातलाच असेल, तर पेटी पूर्ववत केल्यानेही तो जात नाही. शाळा-महाविद्यालयांतील संगणकाच्या तासाला हा विषय अवश्य शिकवावा. सॉफ्टवेअर कोठून आले, ते कोणी लिहिले आणि ते कोणते अधिकार मागते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला पुढे जन्मभर उपयोगी पडेल.

सरकारनेही दोन गोष्टी एकाच वेळी केल्या पाहिजेत. भरलेल्या व बाधित पेट्यांचे आयातदार आणि विक्रेते यांच्यावर असलेले कायदे चालवावेत. आणि विकत घेतलेल्या यंत्रात, धोक्याची स्पष्ट सूचना वाचून, आपल्या पसंतीचे सॉफ्टवेअर बसविण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य करावा. एक केले आणि दुसरे सोडले, तर ग्राहक टोळीच्या तावडीतून सुटून कंपनीच्या तावडीत सापडेल.

घराचे दार उघडे ठेवण्याचा अधिकार घरमालकाचा आहे. दारातून कोण आत येतो हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच. दुकानदाराने पुन्हा विचारले, "सगळं भरून देऊ?" तर नम्रपणे सांगावे : पेटी रिकामीच द्या, काय भरायचे ते आम्ही घरी गेल्यावर पाहू.